इंटरवलनंतर बारीक झालेला बाप

न्हाई, पण मला तुमी एक सांगा… इंटरवलच्या आदी जाडजूड असलेला बाप इंटरवलनंतर बारीक कसा होईल? हां? बरं झाला, समजा झाला, माणूस हाय, काळजीनं खंगतंय… पण मिशी? मिशी कुठून आली? काळजीनं कुणाला मिशी फुटते का? हे मी आयुष्यभर कुणाला विचारलं न्हाई, अन् विचारलं न्हाई म्हणून माझ्या पोरीची जुळत आलेली सोयरीक मोडायला आली! बसा, बसा, तुमाला सांगतो. कापड मग बगा, कापड कुठं पळून चाललं न्हाई. अगोदर मला एवढंच सांगा, हार चोरला कोणी?

तर आमची शिवरंजनी. परभणीला कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला हाय, रोज गाडीनं जाती-येती. अन् लहानपणापासून तिला एकच याड, हेरकन्या वासंती! पातळ-पातळ पुस्तकं, वर एक पोरगी, दोन वेण्या, हातात बॅटरी, डोळे असे मोठ्ठाले. वकिलाची पोरगी, आई न्हाई, अन् गावात कुठं काय हरवलं की पोलिसांच्या आदी ही हजर. आता मग पोलीस पगार कशाचा घेतात? असं मी एकदा सहज विचारलं, तर पोरगी ताटावरून उठून गेली.

अन् त्या लायब्ररीत आला झरीचा श्रीशैल. शाळेवर मास्तर. त्याला वासंतीचं जे पुस्तक पायजे, ते हिनं स्वतःच्या टेबलात दडवून ठेवलेलं. हा मागायलाय, ही देईना, हा रोज यायलाय, ही रोज न्हाई म्हणायली… पुढचं तुमाला कळलं. मला कळलं सगळ्यात शेवटी! पण पोरगं बावनकशी, आपल्यातलंच, घर मातबर. आमच्या बायकोला, महानंदाला तर बगता क्षणी पसंत. अडचण एकच, रेवणसिद्धप्पा. श्रीशैलचे आजोबा. पोराचा बाप लवकर गेला, घर सावरलं ते म्हाताऱ्यानं, तवा त्या घरात म्हातारा व्हय म्हणला तर व्हय, न्हाई म्हणला की संपलं. श्रीशैलची आई, महेश्वरीबाई, चांगल्या शिकलेल्या बाई, पण सासऱ्यापुढं चकार शब्द न्हाई.

ते पोरगी बगायला यायच्या दिवशी सकाळी शिवरंजनी माझ्यापुढं येऊन बसली. पोरगी माझी कधी काही मागत न्हाई हो. म्हणली, "पप्पा, तुमी काय बी बोला. पाऊस बोला, कापूस बोला, कापडाचा भाव बोला. फक्त वासंतीच्या पिक्चरचा विषय काढू नका." मी म्हणलं, "कामून?" तर म्हणली, "आजोबांचं डोकं फिरतंय त्या विषयानं. श्रीशैल एकदा एवढंच म्हणला, पुस्तकातली वासंती वेगळी हाय, तर आजोबांनी त्याच्याशी अबोला धरला. पप्पा, मला ह्या घरात जायचंय." असं म्हणली अन् डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझ्या बी आलं. मी म्हणलं, "बेटा, तोंडाला कुलूप!"

आता पिक्चर कोणते, तर त्या पुस्तकांवर कवाच्या काळी दोन पिक्चर निघालते, काळे-पांढरे. 'हाराचं गूढ' अन् 'सोळा नंबरचा टांगा'. आमी शाळेत असताना आमच्या वालूरच्या जत्रंत तंबू आला, टुरिंग टॉकीज, अन् जत्रंच्या शेवटच्या दिवशी वासंती! काय पिक्चर होता! पहिल्यापासून सांगतो. वासंतीच्या आत्याचा हार चोरीला जातो. कपाट बंद, किल्ली आत्याच्या कमरेला, अन् हार गायब! बाप, हा असा जाड, कपाळाला हात लावून बसतो. इंटरवल. इंटरवल झालं की बाप बारीक. अन् मिशी! आमी म्हणलं, बिचाऱ्यानं किती मनाला लावून घेतलं. आमच्या शेजारच्या सरजाबाई तर पदर तोंडाला लावून रडायल्या, "बगा ओ, हारापायी जीव सुकवला माणसानं…" मग काय तर नदी, टांगा, टांग्यात मामा, सुधाकर नावाचा एक हिरो येतो, वासंती किंचाळते, सुधाकर मामाला हाणतो अन् पोलीस मामाला धरून नेतात. संपला पिक्चर. म्हणजे हार कोणी चोरला? मामानं! सरळ हाय! आमच्या आईनं तर त्या दिवसापासून माझ्या सख्ख्या मामाला कपाटाच्या खोलीत झोपू दिलं न्हाई.

तर मंडळी आली. शरणार्थ-शरणार्थ म्हणून नमस्कार झाले, पाणी झालं. मुरमुऱ्यांचा सुशला केलता, वर शेंगदाणे, वर लिंबू. रेवणसिद्धप्पा, काय सांगू, पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, मांडी घालून सोफ्यावर. मी पावसावर बोललो. कापसावर बोललो. येलदरीच्या धरणात पाणी किती, त्यावर बोललो. विषय संपले हो! अन् तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर गेली टीपॉयवर. आमच्या महानंदानं, पोरगी वाचणारी हाय हे दिसावं म्हणून, तिथं मांडून ठेवलं पुस्तक. कोणतं? 'हाराचं गूढ'! अगं बाई, दुसरी पुस्तकं न्हवती का घरात?

रेवणसिद्धप्पा म्हणले, "हे होय… हे आमी पाहिलंय. झरीच्या जत्रंत." मी गप. शिवरंजनी दाराआडून माझ्याकडं बगायली. मी गप! म्हातारा म्हणला, "लय भारी पिक्चर. त्या हरामखोर डॉक्टरनं हार चोरला, पण काय पकडला त्याला!"

आता तुमी सांगा, माणसानं किती गप बसायचं? डॉक्टर? कोणता डॉक्टर? माझ्या तोंडातून निघून गेलं, "डॉक्टर न्हाई ओ, मामा!"

झालं. चमचा खाली.

"मामा? मामा कोण?"

"टांग्यातला मामा! त्यानंच न्हाई का चोरला!"

"राजेश्वरराव, डॉक्टरच्या पेटीतून हार निघाला. मी ह्या डोळ्यांनी पाहिला."

"अन् मामाला बेड्या घातलेल्या मी ह्या डोळ्यांनी पाहिल्या!"

"मामाजवळ हार सापडला का?"

"…सापडला असंल! टांग्यात असंल! बरं, तुमच्या डॉक्टरनं चोरला कवा?"

"…आदीच चोरला असंल! पिक्चर सुरू व्हायच्या आदी! आमच्या झरीत लोकांनी दवाखान्याला जायाचं बंद केलतं, माहीत हाय का तुमाला?"

श्रीशैल म्हणायलाय, "आजोबा, जाऊ द्या." महेश्वरीबाई म्हणायल्यात, "मामंजी, चहा घ्या." महानंदा मला डोळे वटारायली. पण कोण ऐकतंय! म्हातारा म्हणला, "वालूरच्या लोकांना पिक्चर कळत न्हाई." आता मला काय बी म्हणा हो, पण गावावर? मी म्हणलं, "झरीच्या लोकांना चोर वळखू येत न्हाई!" अन् ऐका… रेवणसिद्धप्पांनी शांतपणे टोपी उचलली. झटकली. डोक्यावर घातली. "श्रीशैल, गाडी काढ. ज्या घरात चोराला पाठीशी घालतात, तिथली पोरगी आपल्याला नको."

 कुणाचा हार अन् कुठला मामा! कधी जन्मात न पाहिलेल्या बाईच्या हारापायी मी माझ्या लेकराचं वाटोळं केलं. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तर आवाज फुटंना. म्हणजे नको तवा तोंड उघडतंय अन् पायजे तवा उघडत न्हाई, ह्याला काय म्हणायचं?

तवा शिवरंजनी बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट केला, म्हाताऱ्याच्या पाया पडली अन् म्हणली, "आजोबा, जायच्या आदी एकच विचारू? तुमच्या पिक्चरमधी वासंतीचा बाप कसा होता?"

म्हातारा उंबऱ्यात थांबला. "कसा म्हणजे? बारीक. मिशीवाला."

"शेवटपर्यंत?"

"न्हाई, इंटरवलनंतर जाड झाला. पोरगी एवढे शोध लावायली, बापाला अंगी लागलं. मिशी काढून टाकली, खुशीत."

आँ? माझा तर मेंदूच थांबला. आमच्याकडं जाडाचा बारीक, ह्यांच्याकडं बारकाचा जाड! मग मधी कुठं बाप गाठ पडले का एकमेकांना? शिवरंजनी म्हणली, "पप्पा, दोन पिक्चरमधी दोन बाप हायत. जाड बाप हाराच्या पिक्चरचा, बारीक बाप टांग्याच्या पिक्चरचा. वालूरला हाराचा पहिला अर्धा दाखवला अन् टांग्याचा दुसरा अर्धा. झरीला टांग्याचा पहिला अन् हाराचा दुसरा. तुमच्या मामानं टांगा चोरला, पप्पा. हार न्हाई."

मी म्हणलं, "म्हणजे चोरी आमी पाहिली अन् चोर ह्यांनी पाहिला?"

"व्हय."

"अन् माझ्या मामाला आईनं आयुष्यभर पडवीत झोपवलं ते?"

तिनं माझ्याकडं बगितलं बी न्हाई. ती म्हाताऱ्याकडं बगायली. म्हणली, "असं आपोआप होत न्हाई, आजोबा. रिळांचे डबे कुणीतरी मुद्दाम असे वाटले. दोन्ही गावच्या जत्रा एकाच वेळी, म्हणून परभणीवरून दोन्ही पिक्चरचे डबे एकाच मोटारीत आले असतील. झरी आदी लागतंय. डबे झरीला उतरले. तवा झरीच्या जत्रंचा पंच कोण होता?"

  म्हाताऱ्यानं टोपी काढली. परत सोफ्यावर येऊन बसला. मुरमुरे चिवडायला लागला. अन् हळूच म्हणला, "हे बगा… दोन्ही गावांना हाराचाच पिक्चर पायजे होता. झरीनं ठेवला असता तर वालूरवाले वरडले असते. वालूरला दिला असता तर आमच्या गावानं माझं डोकं फोडलं असतं. तवा मी म्हणलं, कुणावर अन्याय नको. दोन्हीचं निम्मं-निम्मं करा."

निम्मं-निम्मं! पिक्चर हाय का पेंड हाय? तुमी सांगा!

माझ्या मनात आलं, संपलं आता. बगायच्या कार्यक्रमात पोरीनं आजेसासऱ्यालाच चोर म्हणून धरला, आता कसली सोयरीक! शिवरंजनीचा चेहरा पांढरा पडला, श्रीशैल भिंतीकडं बगायला. अन् म्हातारा… म्हातारा हसायला लागला हो! खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येस्तोवर! म्हणला, "सगळ्या गावाला चकवलं मी. बाकीच्या पंचांना चकवलं. घरात कुणाला सांगितलं न्हाई. अन् ह्या पोरीनं बापाच्या मिशीवरून धरलं! राजेश्वरराव, ही पोरगी आमाला पायजे. दुसऱ्याच्या घरात गेली तर तिथं बसून आमच्या भानगडी काढंल. आपल्या घरात असलेली बरी."

महानंदानं लगोलग साखर आणली, माझ्या तोंडात बी कोंबली, मी काही बोलू नये म्हणून. तेवढ्यात श्रीशैल आनंदाच्या भरात म्हणून बसला, "पण आजोबा, पुस्तकात हार डॉक्टर बी चोरत न्हाई अन् मामा बी न्हाई. आत्याच स्वतः गहाण ठेवती. अन् वासंती किंचाळत न्हाई, सुधाकर तर पुस्तकात हायच न्हाई!" मी अन् रेवणसिद्धप्पा, दोघं एकदम उठलो. "काय बी काय! पिक्चर बगून पुस्तक लिहिलं असंल कुणीतरी, अन् तेबी चुकीचं!" आत्यानं म्हणे! किल्ली तिच्या कमरेला व्हती हो, ती कशाला… थांबा. किल्ली तिच्याच कमरेला व्हती. आता हे काय? म्हणजे हार चोरला कोणी?

जाऊ द्या. वैशाखात लगीन हाय, जमलं सगळं, पोरगी खूश, तेवढंच मला पायजे होतं. दुकानात एकटा असलो की मात्र मधीच गलबलतंय. घर रिकामं होणार, उद्या संध्याकाळी परभणीच्या गाडीकडं डोळे लावून कुणासाठी बसायचं… असं मी त्या दिवशी रेवणसिद्धप्पांजवळ बोलून गेलो. परत तोंड! म्हाताऱ्याच्या मनाला लागलं. शिवरंजनीनं ते दोन्ही पिक्चर कुठूनशी शोधून आमच्या टीव्हीवर लावून दिलेत. म्हाताऱ्याला ते वालूरचे निम्मे बगायचेत, मला झरीचे, अन् झरीत घरी बसून बगावं म्हणलं तर श्रीशैल मधीमधी पुस्तक काढून त्यांना धड बगू देत न्हाई.

तर आता तुमीच सांगा, जगात कुणाच्या घरी असं झालंय का? पोरगी सासरी जायला अजून वैशाख यायचाय, अन् तिचा आजेसासरा पिशवी घेऊन आमच्याकडं राहायला आलाय!