कुणाच्या अंगाला तेल

वैद्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. निवृत्त ग्रंथपालांनी पुस्तक उघडलं खरं, पण शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं कानावर येत होतं. उठून दुसरीकडे बसावं, असं त्यांना वाटलं. पण उठणंही अवघड वाटलं.

"रोज तेल लावून आसनं केलीस का, असं वैद्य विचारतील. काय सांगशील?"

"तेल संपलं म्हणेन, ताई. खोटं नाही ते."

"कुणाच्या अंगाला लावून संपलं?"

"आईच्या. कातडी कागदासारखी झालीये तिची."

"आणि आसनं?"

"शवासन करते की. पण डोळे मिटले तरी कान तिच्या खोलीत असतात. ती खोकली की उठते."

"काल जिन्यात चक्कर येऊन पडलीस. आता आई माझ्याकडे राहील."

"भाऊजींना चालेल?"

"त्यांना विचारलं नाही. सांगितलं."

"आईच नाही यायची."

"सकाळीच पिशवी भरलीये तिनं. मला म्हणाली, धाकटीला आत्ता सांगू नकोस, रडत बसेल."

"मी कुठं रडतेय?"

"बरं. नाक पूस, नंबर आलाय तुझा."