कापूस ओसरीत गेला

जैनथहून आदिलाबादला जाणारी बस. पुढच्या सीटवर दोन बाया, एक म्हातारी, एक तरुण.

"चंदामाय, सुनेचा दमा कसा हाय आता?"

"बरी हाय. डॉक्टरसाब म्हणले, घर साफ ठेवा. म्हणून मी सकाळ-दुपार-संध्याकाळ झाडत होती. तर तिले जास्तच दम लागे."

"काऊन?"

"झाडूनं धूळ उडे ना. आता मी ओल्या फडक्यानं पुसून राह्यली. तेवढा वेळ तिले अंगणात बसवतो."

"आन् कापूस? आमच्या घरात तर छताले टेकला हाय."

"आमचाबी होता, भाव येईपर्यंत भरून ठेवलेला. त्याचीच बारीक धूळ तिच्या छातीत जाये. मंग काढला ओसरीत, वर ताडपत्री टाकली."

"रात्री कोणी नेला तर?"

"आमचा बुढा निजते ना त्याच्यापाशी."

"मामा कुरकुरले नाई?"

"लय कुरकुरले. म्हणे, लग्नापासूनची जागा सोडाले लावली."

"सूनबाई निजते का आता नीट?"

"निजते. आन् खरं सांगू, मीबी निजतो. बुढ्याचं घोरणं कापसासंगं बाहेर गेलं."