ओठांवरचं बोलणं

मी मंगळवेढ्याची. आई लहानपणीच गेली, वडील दुसऱ्याच्या रानात राखणीला, मग धावी झाल्यावर आत्यानं मला सोलापूरला आणलं, म्हणली हितं कामबी मिळंल आन् शिक्षणबी हुईल. आत्या टॉवेलाच्या कारखान्यात होती, तिच्या मागं मीबी. सकाळी कॉलेज आन् दुपारनं टॉवेलाचे धागे कातरायचे. काय सांगू तुमाला, यंत्रमागांचा आवाज असा की शेजारची बोंबलली तरी ऐकू यायचं न्हाय. मग बायका नुसते ओठ हलवायच्या, आन् पार त्या टोकाला कळायचं, सासू काय म्हणली, डब्यात काय हाय, सगळं. हळूहळू मलाबी कळाय लागलं. लई हसायचो आमी तितं. तेवढं हसणं पुन्हा कुटं झालं न्हाय.

बारावी झाली आन् आत्या लेकाकडं पुण्याला ऱ्हायला गेली. मी यकटी. नर्सिंगला पहिल्या वर्षी नंबर लागला न्हाय, तवा शुक्रवार पेठेत एका अज्जीला सांभाळायचं काम धरलं. अर्ध्या अंगावरनं वारं गेलेलं, लेक परगावी, घरात ती आन् मी. तिची कूस कशी बदलायची, घास कुठल्या गालात द्यायचा, ठसका लागला तर काय करायचं, हे मी तितं शिकले. अंग पुसताना तिला लाज वाटायची, डोळे मिटून घ्यायची, मग मी आपलं बोलत ऱ्हायची, कानडीत. आमच्या आईची भाषा ती, आन् अज्जीचीबी. अज्जीचं तोंड वाकडं झालेलं, शब्द निम्मेच यायचे, पर मला कळायचं की.

पुढं नर्सिंगला नंबर लागला, हॉस्टेलला गेले. सुट्टी मिळाली तशी अज्जीला भेटायला गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणली, अगं ती जाऊन पंधरा दिस झाले की. मला कोण कळवणार, मी काय नात्याची? तशीच पायरीवर बसून ऱ्हायले जरा वेळ, आन् आले परत.

आता मोठ्या दवाखान्यात हाय, आयसीयूला. मागं एक म्हातारा आला, अक्कलकोटकडचा. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, त्यामुळं आवाज फुटत न्हवता. नळी ओढतोय म्हणून हात बांधलेले. सगळे म्हणायचे भ्रमात हाय, बडबडतोय. मी औषध द्यायला वाकले तर त्याचे ओठ दिसले. आकी ऊटा माड्याळेनु, आकी ऊटा माड्याळेनु. एवढंच, पुन्हा पुन्हा. ती जेवली का, असं कानडीत म्हणत होता.

ती कोण? भाईर जाऊन बघितलं तर जिन्याखाली म्हातारी बसलेली, गाठोडं मांडीवर धरून. कानडी बोलणारे हितं ढीगभर हायत, पर तिला कुणी इचारलंच न्हवतं आन् तिनं कुणाला हटकलं न्हवतं. नवरा जिता हाय का न्हाय, हेबी तिला ठावं न्हवतं. आदल्या दिवसापास्नं पोटात काय न्हाय. माझा डबा तिला चारला, डॉक्टरांना इचारलं आन् तिला आत नेलं. म्हाताऱ्यानं पुन्हा तेच इचारलं. तिला कळंना, मग मी मोठ्यानं सांगितलं, जेवलीस का म्हणतोय. तिनं मान हलवली. त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं, पर धडपड थांबली, आन् दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हात सोडायला सांगितले.

बरा होऊन गेला तो. जाताना म्हातारीनं माझ्यावरनं हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, म्हणली, बाळा, घरात कोण कोण हाय तुझ्या? सगळी हायती, म्हणले मी. तिच्या तोंडाकडं बघून दुसरं काय सांगवंना.

आता तुमी बसलाय ती माझी खोलीबी शुक्रवार पेठेतलीच. वडलांना आता ऐकू येत न्हाय, फोनवर नुसतं व्हय व्हय करतेत आन् ठेवतेत. दिवसभर मी दुसऱ्यांचं ऐकते, ते बरं वाटतं, खरं सांगते. घरी आलं की तोंड उघडायला कारणच ऱ्हात न्हाय. आज तुमच्यापाशी लई बोलले.

निघाला व्हय? बरं. सुखरूप जावा, देव तुमचं बरं करो. दार ओढून नका घेऊ, उघडंच ऱ्हाऊ द्या. गल्लीतली माणसं बोललेली ऐकू येतेत तेवढीच.