माळ्यावर काहीच नाही

वहिनी: तेच तर विचारतेय, भावजी. कप्पे आठ, आकडे वीस. मग उरलेले बारा गेले कुठे?

भावजी: माळ्यावर. म्हणजे मेमरीत. वहिनी, तुम्ही इथे चाचण्या बघायला लागलात तेव्हा पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मी. चिपच्या हाताशी आठच कप्पे, त्यांना रजिस्टर म्हणायचं. ते भरले की कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपच्या आज्ञांत उतरवणारा आपला माल, जास्तीचा आकडा माळ्यावर टाकायला सांगतो आणि लागला की खाली काढायला सांगतो. कंपायलर लिहिणाऱ्याचा कस लागतो तो तिथेच.

वहिनी: सांगितलं होतंत आणि मला कळलंही होतं. म्हणून तर आज माळ्यावर चढून पाहिलं. काहीच नाही तिथे.

भावजी: काहीच नाही म्हणजे?

वहिनी: या चाचणीतून तुमच्या कंपायलरने चिपसाठी ज्या आज्ञा तयार केल्या, त्या उघडून वाचल्या. टाक नाही, काढ नाही. एकही आकडा वर गेलेला नाही.

भावजी: पण चाचणी पास आहे. हिरवी खूण आहे की.

वहिनी: खूण हिरवीगार आहे. खुणेबद्दल माझं काही म्हणणं नाही.

भावजी: आणि उत्तर? एक ते वीसची बेरीज, दोनशे दहा. आलंय ना बरोबर?

वहिनी: तेही बरोबर. वीस आकडे, आठ कप्पे, माळा रिकामा आणि हिशोब चोख. असा संसार मला जमला असता तर तुमच्या भावाच्या कंपनीत नोकरी कशाला धरली असती.

भावजी: सरका जरा. बघू दे. हे... एवढंच?

वहिनी: एवढंच. दोनशे दहा हे उत्तर ठेव आणि थांब. मी तीनदा वाचलं. मला वाटलं, उरलेलं पान छापायचं राहिलं.

भावजी: थांबा, थांबा. आलं लक्षात. वीसही आकडे मी चाचणीतच लिहून ठेवले होते. एक, दोन, तीन करत वीसपर्यंत. कंपायलरने ते वाचले, बेरीज स्वतःच करून टाकली आणि चिपला नुसतं उत्तर सांगितलं. चिपला कप्पे लागलेच नाहीत.

वहिनी: म्हणजे पोराला परीक्षेला बसवलं आणि बापाने दारातच उत्तर हातात कोंबलं.

भावजी: आहे हो तो हुशार. आयते आकडे दिसले की बेरीज आधीच उरकायची, हे मीच शिकवलं त्याला.

वहिनी: शिकवलंत तुम्ही, पेपर काढलात तुम्ही, तपासलात तुम्ही. म्हणजे कप्पे खरोखर भरले तर हा काय करतो, ते आजवर...

भावजी: कुणी पाहिलेलंच नाही.

वहिनी: मीसुद्धा नाही. हिरवं दिसलं की पुढे जात होते. आज सहज म्हणून उघडलं.

दादा: काय सहज उघडलं? काही उघडू नका. पाठवलं का? पेटीवाल्यांचा दुसऱ्यांदा फोन येऊन गेला.

भावजी: नाही पाठवलं, दादा.

दादा: का? सगळं हिरवं आहे असं सकाळीच सांगितलंस की तू.

वहिनी: अहो, बसा आधी. भावजींच्या कंपायलरची एक परीक्षा झालीच नव्हती, आणि ती पास झाली होती.

दादा: पास झाली ना? मग प्रश्न काय आहे?

वहिनी: अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, तिची ऊब सांभाळणारा प्रोग्राम याच्यातून जाणार आहे. प्रश्न तो आहे.

दादा: हे बघ, मला पेटी कळते, बाळ कळतं. पण आपलं गिऱ्हाईकही एकच आहे. दुसरं असतं तर मी फोनवर इतकं गोड बोललो नसतो. हे गेले तर कंपायलर बंद. मग आपण तिघं बसून ब्युटी पार्लरच्या वेबसाइट बनवू.

भावजी: दहा मिनिटं दे. वहिनी, आकडे आतून द्यायचेच नाहीत. बाहेरून, हाताने टाकायचे. मग त्याला आधी कसे कळतील?

वहिनी: ते मी मघाशीच लिहून ठेवलंय. हे घ्या. वीस आकडे विचारतो, सगळे आले की बेरीज सांगतो. चालवा.

भावजी: पास.

दादा: झालं तर मग.

वहिनी: एक मिनिट. माळा बघू दे. ...पुन्हा रिकामा.

भावजी: दाखवा. वा. आकडा आला की लगेच बेरजेत टाकतोय. दुसरा आला, टाकला. तिसरा आला, टाकला. वीस जणांना सांभाळतच नाही, एकेकाला दारातूनच वाटेला लावतोय. दोन कप्प्यांत काम भागवलं पठ्ठ्याने.

वहिनी: तुम्हाला आनंद कसला होतोय?

भावजी: तुमचाही पेपर फोडला त्याने.

दादा: तुम्ही दोघं त्याला नापास करायला बसला आहात की पास करायला?

वहिनी: आधी परीक्षेला तरी बसवू द्या. भावजी, कुणालाच वाटेला लावता येऊ नये असं काय करता येईल?

भावजी: कोण कधी लागणार, हे शेवटपर्यंत कळूच द्यायचं नाही.

वहिनी: हां. म्हणजे विसावा आकडा येईल, त्यावरून ठरेल की आधीच्यांपैकी कुणाला कुणाशी गुणायचं. तोवर सगळ्यांना जपून ठेवावंच लागेल.

भावजी: हे छान आहे. फार दुष्टपणाचं आहे, पण छान आहे.

दादा: मी त्यांना सांगतो, लाइट गेलीय.

वहिनी: काही सांगू नका अजून. ...हं, झालं लिहून. आधी आज्ञा बघू. भावजी, हे बघा. टाक, टाक, टाक. तेरा जण वर गेलेत.

भावजी: गेले एकदाचे.

वहिनी: पण तेरा का? आठ खाली राहिले तर बारा वर जायला हवेत.

भावजी: एक कप्पा मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. वरून काढलेला आकडा ठेवायला जागा नको का? माळ्यावरून डबा काढला तर ओट्यावर कुठेतरी टेकवावा लागतोच. बाकी सात वापरायला मोकळे. दुसरे लोक जास्त कप्पे अडवून ठेवतात, म्हणून त्यांचे प्रोग्राम हळू चालतात आणि आपले वेगात.

दादा: हे मात्र मला पाठ आहे. याच वेगावर तर मी विकलंय.

वहिनी: आता चालवू या. मी आकडे टाकते. शेवटी अशी जोडी मागते की तीन आणि सात भेटतील. एकवीस यायला हवेत.

दादा: येणार. माझ्या भावाने केलंय ते.

भावजी: मला खरंच माहीत नाही काय येईल. गंमत वाटतेय. इतकी वर्षं मी या क्षणाबद्दल लोकांना भाषणं देतोय आणि बघतोय आज पहिल्यांदा.

वहिनी: एकोणपन्नास.

दादा: काय एकोणपन्नास?

वहिनी: उत्तर.

दादा: मग तसं जवळपास आहे ना? एकाच पाढ्यातले आहेत दोघे. सात त्रिक एकवीस...

भावजी: पुढे म्हण.

दादा: सात चोक अठ्ठावीस, सात पंचे पस्तीस, सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास.

वहिनी: सात साते. तीन कुठे गेला, भावजी?

भावजी: ...ओट्यावर.

वहिनी: नीट सांगा.

भावजी: तीन माळ्यावर होता, सातही माळ्यावर होता. तीनला खाली काढलं, रिकाम्या कप्प्यात ठेवलं. मग सातला काढलं. त्यालाही त्याच कप्प्यात ठेवलं. जागाच ती एक. सात तीनच्या डोक्यावर बसला. मग चिपला सांगितलं, या कप्प्यातल्याला या कप्प्यातल्याने गुण. सातने सातला गुणलं.

वहिनी: एकच वर असेल तर चालतं?

भावजी: अगदी झकास चालतं. नेहमी एक खालीच असतो. दोघे एका वेळी वर असतील, असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

दादा: म्हणजे नेहमी चालतं. त्यांच्या पेटीत हे होईलच असं नाही ना?

भावजी: होईलच असं नाही.

दादा: मग आज पाठवू, सोमवारी गुपचूप दुरुस्त करून नवं देऊ. सगळे तसंच करतात.

वहिनी: अहो, ती पेटी करते काय? स्वतःचं तापमान घेते, बाळाच्या अंगाचं घेते, वजाबाकी करते. फरक पडला की ऊब कमी-जास्त. बरोबर?

दादा: बरोबर.

वहिनी: हे दोन आकडे एका वेळी माळ्यावर असले तर काय होईल?

दादा: एक दुसऱ्याच्या डोक्यावर बसेल.

वहिनी: बाळाचा आकडा पेटीच्या आकड्याखाली गेला तर?

भावजी: पेटी स्वतःतून स्वतःला वजा करेल.

वहिनी: फरक शून्य. पेटी म्हणेल, सगळं ठीक आहे. बाळ गार पडत असलं तरी म्हणेल.

दादा: ...किती वेळ लागेल नीट करायला?

भावजी: करायला फार नाही. एकाऐवजी दोन कप्पे रिकामे ठेवायचे. पण मग वापरायला सहाच उरतील. वेग कमी होईल.

दादा: म्हणजे मी वर्षभर जो वेग विकतोय तो...

भावजी: त्यातला थोडा या चुकीतूनच येत होता.

दादा: छान. दे इकडे तो फोन.

(दादा फोन लावतात.)

दादा: नमस्कार साहेब. हो, मीच. नाही, आज पाठवत नाही. लाइट? नाही, लाइट आहे. एक चूक सापडली. आमचीच. दोन आकडे एका वेळी लागले तर त्यातला एक हरवतो. ...हो, तुमच्या वजाबाकीतसुद्धा हरवू शकतो. ...आता केलं नीट तर थोडं हळू चालेल. किती? अरे, किती हळू विचारताहेत.

भावजी: दहा सेकंदांच्या कामाला अकरा.

दादा: दहाच्या जागी अकरा लागतील, साहेब. ...अच्छा. ...अच्छा. नाही, मला हे माहीत नव्हतं. एक मिनिट हं.

वहिनी: काय म्हणतात?

दादा: त्यांची पेटी मिनिटाला एकदा तापमान बघते. उरलेला वेळ चिप नुसती बसून असते म्हणे.

वहिनी: मग वेग मागितला कुणी होता?

दादा: मीच दिला होता. ते थांबायला तयार आहेत. पण पक्का दिवस सांगा म्हणतात, आणि तो चुकला तर दुसरीकडे जाणार. परवा सांगू?

भावजी: सांग. दोन कप्पे अडवायचे, एवढंच तर आहे. परवा नक्की.

वहिनी: भावजी, चिपच्या पुस्तकात मघाशी एक आज्ञा दिसली. गुणून लगेच त्यात मिळवायची. दोघांना गुणायचं आणि तिसरा त्यात टाकायचा, सगळं एका दमात.

भावजी: आहे तशी. आपण वापरतो ती. बरीच वापरतो.

वहिनी: मग तिघेही माळ्यावर असले तर?

भावजी: ओट्यावर जागा दोनच. दादा, परवा नको सांगू.

दादा: हॅलो, साहेब? हो, आहे मी. दिवस उद्या सकाळी सांगितला तर चालेल का? नाही, अडलं काही नाही. आमच्या हिला अजून एक प्रश्न पडलाय, तेवढा बघून घेतो.