उलटा पंखा

कुंदा : तिसऱ्यांदा विझली चूल! आता तुम्ही बाजूला व्हा.

अच्युत : घाई केली की हेच होतं. बिघाड शोधायची एक पद्धत असते. आधी इंधन, मग हवा. तुझ्या ह्या भुशाच्या गोळ्याच दमट आहेत.

कुंदा : दमट? ही घ्या, मोडून पाहा. कटकन मोडली ना? दमट असती तर भुगा झाला असता. पाहुण्याला खाली झोपवीन, पण गोळ्यांचं पोतं पलंगावरून हलवणार नाही मी.

अच्युत : मग काठोकाठ भरली असशील.

कुंदा : वरच्या भोकांच्या दोन बोटं खाली, रोजच्यासारखी. वर कापूर, तुपाची वात. परवापर्यंत ही चूल काडी दाखवली की पेटत होती. काल मी भाजी आणायला गेले आणि तुम्ही ती उघडली!

अच्युत : तिचा हवा द्यायचा पंखा खरखर करून राहिला होता. काढला, राख झटकली, तेल सोडलं, परत लावला. चौतीस वर्षं फॅक्टरीत फिटर होतो मी, कुंदा.

कुंदा : आधी मिक्सर, मग इस्त्री, आता ही. चालत्या वस्तूला हात काहून लावता? कोणी सांगितलं होतं?

अच्युत : चिडून भात शिजणार आहे का? गॅसवर टाक.

कुंदा : गॅसवर रस्सा आहे. चाळीस जणांचा भात त्या घरच्या शेगडीवर कधी व्हायचा? एक वाजता बँकेतली मंडळी जेवायला बसणार, आणि इथे अकरा वाजून राहिले.

अच्युत : तर बँकेतल्या त्या विनता मॅडमला फोन कर. नाहीतर भात हॉटेलातून मागव. कोणाला कळतं?

कुंदा : मला कळतं ना! तुमच्या फॅक्टरीतल्या लोकांना आयुष्यभर जेवू घातलं मी. जाताना काय म्हणायचे? "वाह अच्युत भैया, मज़ा आ गया!" पाटवडी थापली मी, आणि वाहवा अच्युत भैयाची. ती विनता नागपूरहून बदली होऊन आली, अख्खं महाराजपूर पालथं घालून घर शोधलं, दारात उभी राहून म्हणाली, "कुंदाताई तुम्हीच का?" पहिल्यांदा कोणी माझ्या नावानं जेवण मागितलं. तिच्या पानात हॉटेलचा भात वाढू?

अच्युत : बरं बाई. लाव पुन्हा. मी पंखा चालू करतो.

कुंदा : लावली. करा चालू... धूर कुठं चालला, पाहून राहिले ना?

अच्युत : वर. आणखी कुठं जाईल?

कुंदा : वर? वर काहीच नाही! खालच्या जाळीतून माझ्या पायावर येऊन राहिला. ज्योत आत ओढली जाते. अहो, पंखा उलटा बसवला तुम्ही! हवा द्यायची सोडून खेचून राहिला तो.

अच्युत : शक्यच नाही. पंख्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो. बाण पाहून लावला मी.

कुंदा : बंद करा. पेचकस आणा इकडे, पेच काढते... हा निघाला पंखा. दाखवा, कोणता बाण पाहिला?

अच्युत : हा. पांढरा.

कुंदा : हा? हा तर फाटक्या लेबलाचा तुकडा आहे.

(अच्युत पंखा डोळ्यांजवळ नेतो, मग थोडा तिरका धरतो, आणि खाली ठेवतो.)

कुंदा : कधीपासून?

अच्युत : दिवाळीनंतर. मधोमध धुकं असतं. कडेचं दिसतं.

कुंदा : आणि तुम्ही शिवांगीला स्कूटरवर शाळेत सोडून राहिले? आज सकाळीसुद्धा?

अच्युत : हळू चालवतो. रस्ता पाठ आहे मला.

कुंदा : रस्ता पाठ आहे, समोरून येणारा ट्रक पाठ आहे का? सात वर्षांची नात पुढे उभी असते तुमच्या! लाज नाही वाटली?

अच्युत : वाटते. रोज वाटते. पण सांगितलं असतं तर तू पेचकसही हातात दिला नसता. मग मी दिवसभर करायचं काय? भाजी निवडू?

कुंदा : निवडा! मी जन्मभर निवडली, मेले का? चावी द्या.

अच्युत : आत्ता?

कुंदा : आत्ता. इथे, माझ्या हातावर. आणि तो अंगठा द्या इकडे.

अच्युत : काय करते?

कुंदा : ह्या कडेवरून फिरवा. काळ्यावर काळा बाण आहे, उठावाचा. लागला?

अच्युत : ...लागला. टोक चुलीकडे पाहिजे.

कुंदा : मग बसवा.

अच्युत : मी?

कुंदा : फिटर कोण आहे घरात? मी पेच हातात देते. लवकर करा... झालं? ही लावली काडी.

अच्युत : पेटली?

कुंदा : पेटली.

अच्युत : रंग सांग.

कुंदा : पिवळी आहे. वर काळा धूर.

अच्युत : हवा कमी पडून राहिली. बटण एक खूण पुढे कर. आता?

कुंदा : आता धूर नाही.

अच्युत : मग ठेव पातेलं... कुंदा, शिवांगीची शाळा दीडला सुटते.

कुंदा : रश्मीला फोन करते. आईच आहे तिची, येईल घेऊन.

अच्युत : सुनेला काय सांगशील?

कुंदा : जे आहे ते. आता तुम्ही इथेच बसा. उकळी आली की तांदूळ टाकायचे. ती तरी ऐकू येते ना?

अच्युत : येते.