जाखाईचा दिवा कुणाकडे झुकला

बसलात का सगळे नीट? मागे कोण उभं आहे? बसा बाबा, टेका! आता मला खरं सांगा — तुम्ही हलताय का? "नाही महाराज!" कोण म्हणालं ते? छातीवर हात ठेवून म्हणा! अहो, ही धरणी आपल्याला पोटाशी घेऊन पूर्वेकडे धावतेय. तासाला दीड हजार किलोमीटरच्या वर! तुम्ही मांडी घालून शेंगा खाताय — हो हो, दिसतंय मला, काका! — आणि तुमची मांडी, शेंगा, टरफलं, सगळं धावतंय. मग कळत का नाही? एसटी संथ चाललेली असताना आत पेरू वर उडवा. कुठे पडतो? मागच्याच्या टकलावर? नाही! तुमच्याच हातात येतो. गाडी धावतेय, तुम्ही धावताय, पेरूही धावतोय. सगळेच बरोबर धावले की धावणं कुणालाच दिसत नाही.

हसा, आत्ताच हसून घ्या. पुढची गोष्ट हसायची नाही. मला तुम्हाला एकच विचारायचंय. "अमका वाटेवरून सरकला, अमकी फिरली" असं आपण म्हणतो, तेव्हा सरकलेलं नक्की कोण असतं? आपण ज्या जमिनीवर बसून बघतो, ती जमीन तरी जागेवर असते का?

मंडळी, ऐका. कोकणात कुडवळे नावाचं गाव. जुनी गोष्ट, आपल्या पणज्यांच्या काळातली. गावदेवी जाखाई. देऊळ उंच, मंडपाचं छप्पर मान मोडेपर्यंत वर, आणि त्या छपरातून खाली लांबच लांब साखळी. तिच्या टोकाला पितळी लामणदिवा — इतका जड, की दोघांनी उचलावा. गावावर संकट आलं की ह्या दिव्याचा कौल लावायचे. कसा? ऐका हं, इथेच सगळं आहे!

दिवा देवीकडे ओढायचा, सुताने बांधायचा आणि सूत वातीने जाळायचं. हाताने सोडायचा नाही! माणसाच्या हाताचा धक्का नको, पाप नको. सूत जळालं की दिवा सुटला — देवीकडून दाराकडे, दाराकडून देवीकडे. त्या ओळीत कुणी बसायचं नाही. बाकी घरं दोन्ही बाजूंना, ज्याची त्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. मग भजन धरायचं. दिवा झोके घेता घेता हळूहळू ओळ सोडायचा. हो! आपोआप! कुणी हात न लावता! आरतीच्या वेळी तो ज्या घराकडे झुकलेला दिसेल, ते घर दोषी. त्या घराने सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं. पुन्हा फिरकायचं नाही.

त्या वर्षी गावात गुरं मरायला लागली. सकाळी धडधाकट असलेली गाय संध्याकाळी पाय ताणून पडायची. लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघेनासे झाले. बायका पोरांना पदराखाली घ्यायला लागल्या. आणि मग तो शब्द निघाला. कुणी काढला कोण जाणे, पण घरोघर पोचला — चेटकीण! गावात कुणीतरी चेटकीण आहे!

मानकरी होते बापूजी देसाई. भला माणूस हो, वाईट नाही. त्यांनी कौल लावला.

आता दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, अगदी उंबऱ्याशेजारी, कोण बसायचं? येसू कुंभारीण. नवरा राघू, मांडीवर तान्ही ठकी. घाटावरून आलेलं घर, गावात नवं. गावाने जागा दिली ती दाराशेजारची, कारण ती रिकामी होती. का रिकामी होती? तिथे आधी परटाचं घर बसायचं. मागच्या कौलात दिवा त्यांच्याकडे झुकला. माती आणायला जाताना येसूला त्यांच्या घराचं जोतं रोज दिसायचं. नुसतं जोतं! मध्ये चूल होती तिथे टाकळा उगवलेला. ती तिथून जाताना मान खाली घालायची आणि पाय उचलायची.

सकाळी गुरवाने सूत जाळलं. दिवा सुटला. भजन सुरू झालं. सगळं गाव टाळ वाजवतंय आणि डोळे मात्र दिव्यावर! प्रत्येकाच्या मनात एकच — माझ्याकडे नको, आई, माझ्याकडे नको! येसू बघत होती. देवी, दार. देवी, दार. मग दाराकडचं टोक जरासं डावीकडे. भास असेल. पुन्हा. भास नव्हे! दिवा डावीकडे सरकत होता, तिच्याकडे सरकत होता. ठकीला तिने इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली. शेजारची बाई लुगडं आवरून बोटभर लांब सरकली. मग आणखी बोटभर.

राघू पुटपुटला, "चल. आरतीच्या आधीच उठू. पोरीला घे."

"उठलं तर आपणच केलं म्हंतील."

"न्हाई उठलं तर काय म्हनतील?"

सांगा मंडळी, काय उत्तर द्यावं त्या बाईने? आरती झाली. दिवा येसूच्या बाजूला झुकलेला, सगळ्यांना दिसला. आता तुम्ही म्हणाल, महाराज, झोक्याला टोकं दोन! दाराकडे डावीकडे गेला तर दुसरं टोक कुठे गेलं? गेलं ना! देवीच्या डाव्या हाताला गेलं. तिथे कोण? लोडाला टेकून बापूजी! पण तिकडे बघतंय कोण? तुम्ही बघितलं असतंत?

बापूजी उठले. "येसू, सूर्य मावळायच्या आत..."

येसू उभी राहिली. बोलायचं तिच्या मनातही नव्हतं, भीतीनेच तोंडातून निघालं, "गुरवबाबा, परटीण कुठं बसली व्हती?"

गुरव म्हातारा. त्याने आजोबांच्या हाताखाली सूत जाळलेलं. तो खाली बघून म्हणाला, "हितंच."

"आन् तिच्या आदी ज्येचं घर ग्येलं?"

गुरव उपरण्याने हात पुसायला लागला. बापूजी खेकसले, "सांग की!"

"हितंच, बापूजी. दाराशेजारी. दरवेळी हितंच."

येसू रडत म्हणाली, "मग द्येवी मला दावती का ह्या जागंला? मला दुसरीकडं बसवा. मी चेटकीन आसंन तर द्येवीला मी कुटं बी गावंन! हितं दुसरं कुनी बसा."

बरोबर बोलली की नाही? मग बसा कुणीतरी! कोण बसतंय? मंडळी, एवढं मोठं गाव — एक उठला नाही! जो तो आपली जागा घट्ट धरून बसला. म्हणजे मनात सगळ्यांना ठाऊक होतं बरं का!

तेवढ्यात काठी वाजली. बापूजींची आई, आवडाबाई. नजर अधू झालेली. चाचपडत आली आणि दाराशेजारी बसली. म्हणाली, "मेल्यांनो, बसायला काय घाबरताय? मी काय कुणाचं वाईट केलंय? लाव रे दिवा."

येसूला समोरच्या खांबाशी बसवलं. पुन्हा सूत, पुन्हा वात. दिवा सुटला. देवी, दार. देवी, दार. भजन म्हणायला घेतलं, पण टाळ कुणाचा कुणाशी जुळेना. आता येसू दिव्याकडे बघतच नव्हती, ती बापूजींकडे बघत होती. आणि बापूजी दिव्याकडे. दिवा सरकला. डावीकडे. जरासा.

"वारा आहे!" बापूजी म्हणाले. "दार लावा!"

दार लावलं. काळोखात तो एकच दिवा. आला, गेला. आला, गेला. आणखी सरकला.

"साखळीला पीळ आहे!"

गुरव हळूच म्हणाला, "पीळ असंल तर सकाळी पण होता, बापूजी."

गाव बघतंय! आईला गावाबाहेर काढायचं? आपल्याच तोंडाने? आणि ती बिचारी तिथे बसून जप करतेय, तिला दिसत नाही दिवा कुठे आलाय! बापूजींनी आरतीची वाट पाहिली नाही. लोडावरून उठले, धावले आणि दिवा दोन्ही हातांनी धरला! ज्याला हात लावायचा नाही तो दिवा! तापलेलं तेल मनगटापर्यंत सांडलं. सोडला नाही. "माझी आई आहे ती! तिने काही केलेलं नाही!"

आवडाबाईने आवाजाकडे मान वळवली. म्हणाली, "बापू, मग सकाळी का नाही धरलास?"

येसू कुडवळ्यातच राहिली. कौल बंद झाला. पण परटीण? ती कुठे गेली, जगली की मेली, कुणाला कळलं नाही. बापूजींच्या हातावर डाग राहिले, आणि परटाच्या जोत्यावरून जाताना आता ते मान खाली घालायचे.

दिवा का सरकत होता, सांगतो. येसूच्या चाकावर मुंगी सोडा. चाक फिरतं, मुंगी जागेवर, आणि तिला वाटतं अवघं जगच गरगरतंय! तसंच हे. एकदा सुटलेला दिवा आपली ओळ सोडत नाही. खाली धरणी वळते. तिच्याबरोबर देऊळ वळतं, खांब वळतात, दाराशेजारची जागा वळून दिव्याखाली येते. ध्रुवाजवळ भराभर, आपल्याकडे फार सावकाश, पण दरवेळी त्याच अंगाला. दिवा कुणाकडेच झुकला नव्हता हो! वळलं होतं ते गाव! आणि वळलेल्या गावाने बसल्या जागेवरून बोट दाखवलं — ती बघा, ती!

आता जरा वर बघा. आपल्याही मंडपात दिवा टांगलाय. आणि आपल्याही घरात एक दाराशेजारची जागा आहे. कुणाची आहे? नव्या सुनेची? भाडेकऱ्याची? नोकरी गेलेल्या भावाची? घरात काही बिनसलं की नजर तिथेच जाते ना? दरवेळी तिथेच! काका, शेंगा खाली ठेवा, तुम्हालाच विचारतोय. आज घरी जाल, तिथे जो बसलाय त्याच्याकडे बघाल. दिवा तेव्हा धराल, की आपली आई तिथे येऊन बसायची वाट बघाल? धराल तर आत्ता धरा. नाहीतर एक दिवस आपलंच म्हातारं माणूस विचारील, "मग सकाळी का नाही धरलास?" तेव्हा तुम्ही काय सांगाल?