दर्याला बोललेलं कासव

नारळ बोलले असते तर काय बिघडलं असतं हो माझं? सगळी दुनिया दर्याला नारळच बोलते, दर्यापण मुकाट्यानं घेतो, कुणाची काही तक्रार नाही... पण नाही! गेल्या कार्तिकात ते वादळ झालं, आमच्या ह्यांची लाँच बाहेर अडकली, रेडिओवाला आपला घसा खाकरून सांगतोय, 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये', अरे बाबा, गेलेत त्यांचं काय ते सांग ना! आणि मी देवीच्या देवळात, दारातल्या दगडी कासवावर डोकं टेकून बसलेली, आणि तोंडातून निघून गेलं, 'दर्यादेवा, माझ्या माणसाला परत आण, नारळी पुनवेला तुला माझ्या हातचं कासव वाहीन!' आता कासव का? तर डोळ्यांसमोर कासव होतं म्हणून. घंटा दिसली असती तर घंटा बोलले असते, बाजारात मिळते तरी! आणि वर 'माझ्या हातचं'... हे कुणी सांगितलं होतं मला? दर्यानं विचारलं होतं, बाई, कुणाच्या हातचं?

दुसऱ्या दिवशी हे दारात उभे. धडधाकट. दाढी वाढलेली, अंगावर मीठ पांढरं झालेलं, मी रडू की ओवाळू अशा घोटाळ्यात, आणि हे म्हणतात काय, "चहा टाक. आलं असलं तर घाल." मी आपली गार!

आता तुम्ही म्हणाल, झालं तर मग, वाहून टाकायचं एक कासव. असं कसं वाहून टाकायचं? जिवंत धरून आणलं तर ते दर्याचंच, त्याचंच त्याला देऊन कसला नवस फिटतो? मातीचं केलं तर दगडासारखं बुडणार. लाकडाचं सुतार करणार, म्हणजे त्याच्या हातचं. असं करता करता श्रावण लागला आणि मी बोटांवर दिवस मोजायला लागले! कारण पुनव झाली की लाँची बाहेर पडणार, ह्यांची सगळ्यांच्या आधी. आधीचं दिलेलं नाही, आणि पुन्हा कुठल्या तोंडानं सांगू हो मी दर्याला, माझ्या माणसाला परत आण म्हणून? रात्री झोप नाही. सोमवार, मंगळवार, संकष्टी, सगळे उपास माझे चालूच होते, पण उपासात उपाशी राहायचं एवढंच असतं, कासव करायचं नसतं!

शेवटी शेजारच्या मथुरेनं वाट दाखवली. मथुरा महिला मंडळात शिवण शिकते, तिला सगळंच येतं. म्हणाली, "अगो, कागदाचा लगदा कर. जुने पेपर भिजत घाल, कुटून घे, मेथी वाटून घाल म्हणजे कीड लागत नाही, तांदळाची पेज चिकटायला. आमची आजी टोपल्या करायची. सोपं असतं!" सोपं असतं म्हणे. जगात ज्यांना एखादी गोष्ट येते ना, त्यांनी ती सोपी आहे असं सांगायला बंदी पाहिजे.

घातले पेपर भिजत. माळ्यावर एक गठ्ठा होता तो सगळा घातला. संध्याकाळी हे आले, घमेल्यात डोकावले आणि तिथंच मटकन बसले. "सखू... ह्यात वर्ल्ड कप होता." म्हटलं, कुठला कप? मी एकही कप टाकला नाही हो! तर गेल्या वर्षी आपण क्रिकेटात जिंकलो तो पेपर ह्यांनी जपून ठेवलेला, म्हातारपणी वाचायला! लगद्यात हात घालून शोधला बिचाऱ्यांनी. एका तुकड्यावर नुसतं 'विज' एवढंच उरलं होतं, 'यी' कुठं विरघळला कोण जाणे. तेवढा तुकडा खिशात घातला. नवसाचं म्हटल्यावर बोलणार काय!

मग मेथी. भाजून वाटली हो मी, चांगली खमंग, वास वाडीच्या टोकापर्यंत. आणि तासाभरात बाया यायला लागल्या! एकीच्या हातात खोबरं, एकीच्या हातात डिंक, आणि गोदूबाई तर झबलं घेऊन! "कोण बाळंत झाली गो? आम्हाला कळवलंनसुद्धा नाही!" मेथीचा वास म्हणजे बाळंतिणीचे लाडू, दुसरं काय डोक्यात येणार कोकणात? म्हटलं, "बाळंत कुणी नाही, कासव करतेय." गोदूबाईनं झबलं पदराखाली घेतलं, माझ्याकडे असं बघितलं, आणि मथुरेला हळूच विचारते, "हिचं डोकं बरं आहे ना?" मी आपली गार!

आता आकार. पाठ गोल हवी, तर गोल काय आहे घरात? सासूबाईंचा पेजेचा टोप! जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, खाली छान फुगीर. सासूबाई खेडला नणंदेकडे गेलेल्या. टोप घातला पालथा, त्यावर थापला लगदा, पोटाला पुठ्ठा लावून टोपाचं तोंड बंद, पोफळीची विरी, म्हणजे झावळीचं चिवट बूड, कापून चार पाय, नारळाच्या करवंटीचं डोकं, डोळ्यांना कवड्या. मी लांब जाऊन बघितलं, मला तर भरून आलं! तेवढ्यात हे आले. "हा फणस कुणी आणला?" मी आपली गार! अहो, फणसाला डोळे असतात का?

असो. वाळत घालायचं, तर वाळणार कुठं? बाहेर पाऊस आडवा झोडपतोय. म्हणून शिंक्यात घालून चुलीवर टांगलं. धूरही खालून, ऊबही खालून, दोन दिवसांत खडखडीत होईल असं मथुरेचं मत. आणि हे कासव काय करावं? घाम! तुम्हाला सांगते, टपटप घाम गाळायला लागलं! वरून सुकल्यासारखं दिसायचं आणि आतून पाझर. एक थेंब आमटीत पडला, एक माझ्या हातावर. मी म्हटलं, देवा, हे कसलं चिन्ह? दर्या रागावला का? हात जोडले, दिवा लावला, आणि तो थेंब नकळत जिभेला लावला, तीर्थ घेतो ना आपण, तसा... तर खारट! धावत मथुरेकडे. मथुरा म्हणते, "पेजेत मीठ घातलंस?"

घातलं म्हणजे काय! अळणी पेज कशी करायची असते हो? लग्न होऊन आल्यापासून पेज करतेय, पेज म्हटली की हात आपसूक बरणीत जातो! मथुरेनं कपाळावर हात मारला. "अगो बाय माझे, आषाढ-श्रावणात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं आणि तू कासवात भरलंस? हे दिवाळीपर्यंत वाळायचं नाही!" आणि पुनव आली उंबऱ्यावर. म्हटलं, राहू दे ओलं, दर्यात कुठं कोरडं राहणार आहे? निदान टोप तरी काढून घेऊ. पुठ्ठा सोडवला, टोप ओढला, तर येईना! थापायच्या आधी टोपाला तेलाचं बोट फिरवायचं असतं म्हणे. मथुरेनं हे कधी सांगावं? ओढून झाल्यावर! आणखी ओढला तर पाठीला चीर. मोडकं कसं वाहायचं? थापला पुन्हा लगदा, लावला पुन्हा पुठ्ठा, आणि नेमक्या त्याच दुपारी खेडच्या एस्टीतून सासूबाई हजर.

आल्या, पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि पहिला प्रश्न, "माजा टोप खय हाय गो सखू?"

मी कासवाकडे बोट दाखवलं. दुसरं काय करू? सासूबाई कासवाजवळ गेल्या, बोटानं टकटक केलं. आतून टण् आवाज. हा टोप म्हणजे त्यांच्या माहेरचा, जयगडचा. आमचे हे, म्हणजे त्यांचा धाकू, रांगत होते तेव्हापासून ह्यांची पेज त्यातच शिजलेली. त्यात दुसरं काही केलेलं त्यांना चालत नाही, दूधसुद्धा नाही. म्हटलं, आता सासूबाई माझ्या सात पिढ्यांची आठवण काढणार. मी मान खाली घालून उभी. तर सासूबाई पदरानं डोळे पुसतात, "टोपासकट वाहा. माज्या धाकूच्या आड टोप नको यायला." आणि आत जाऊन पाठमोऱ्या पडल्या.

मी आपली गार! ओरडल्या असत्या तर सोसलं असतं हो. ही माणसं अशी वेळेवर चांगली का वागतात?

पुनवेला मांडवीच्या किनाऱ्यावर ही गर्दी! जो तो सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन, आणि माझ्या कडेवर कासव, घाम गाळणारं. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, गुडघाभर पाण्यात शिरले आणि म्हटलं, 'दर्यादेवा, बोलले ते आणलंय. पहिलंच आहे, हात बसलेला नाही, गोड मानून घे. उद्या हे निघतायत. लक्ष असू दे.' आणि सोडलं. कासव डुलत डुलत निघालं... अहो, पोहल्यासारखं! मीच थक्क! मागून सासूबाईंचा हुंदका. कासवासाठी नव्हे, टोपासाठी.

मग एक लाट आली. डोकं गेलं. दुसरी आली, पाय गेले. वर्ल्ड कप, मेथी, मीठ, सगळं पाण्यावर पांढरं पांढरं पसरलं आणि दिसेनासं झालं. आणि भरतीच्या पुढच्या लाटेबरोबर काहीतरी चकचकीत गरगरत गरगरत किनाऱ्याला आलं आणि सासूबाईंच्या पायाशी येऊन थांबलं.

टोप!

एक कागदाचा कपटा नाही हो वर! असा घासलेला, की मी राख लावूनसुद्धा कधी घासला नव्हता. मी पाण्यात तशीच उभी. नवस फिटला म्हणायचा की परत आला म्हणायचा? हे लांब उभे राहून डोकं खाजवतायत. सासूबाईंनी टोप उचलला, पदरानं पुसला, आणि सगळ्या गर्दीसमोर मला म्हणतात, "बघितलंस? तुजा होता ता दर्यान घेतलान. माजा होता तो परत दिलान. आता काळजी करू नको. धाकूपण माजाच हाय."

मी आपली गार! इतके दिवस कागद मी कुटले, मेथी मी वाटली, उपास माझे, नवस माझा... आणि नवरा त्यांचा!

पण तुम्हाला सांगते, हे दुसऱ्या दिवशी गेले आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. दर खेपेला दारात येऊन चहाच मागतात, आणि सासूबाई त्या टोपात पेज टाकतात नि माझ्याकडे बघून नुसत्या हसतात. तेव्हा बायांनो, तुमचा माणूस दर्यावर असेल तर तुम्हीपण बोला कासव. पेजेत मीठ घाला, बिनधास्त घाला. टोप मात्र सासूचा घ्या, आणि नवरा सासूचाच आहे हे एकदा किनाऱ्यावर, चार माणसांत, कबूल करून टाका. परत येतो.